उष्णता आणि तापमान : एका जुन्या पाठाची उजळणी

शाळेत शिकलेल्या विज्ञानाच्या पाठांपैकी उष्णतेचा पाठ बहुतेकांच्या स्मरणात राहिलेला असतो. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, पाणी १०० अंशांवर उकळते, बर्फ ० अंशावर वितळतो, ही वाक्ये आपण पाठ केलेली असतात आणि परीक्षेत ती बिनचूक लिहिलेलीही असतात. तथापि वाक्य पाठ होणे आणि त्यातील कल्पना समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्पना खरोखर समजली आहे किंवा नाही हे पाहावयाचे असेल, तर पाठ्यपुस्तकात न आलेला एखादा साधा प्रश्न स्वतःस विचारावा.

असा एक प्रश्न प्रारंभीच घेऊ. एक पेलाभर उकळते पाणी आणि एक बादलीभर कोमट पाणी आपल्यासमोर ठेवले आहे. यांपैकी अधिक तापलेले कोणते? पेल्यातील पाणी, हे उत्तर कोणीही देईल. आता दुसरा प्रश्न : दोन्ही भांडी खोलीत तशीच राहू दिली, तर पूर्ण निवेपर्यंत अधिक उष्णता कोणत्या भांड्यातून बाहेर पडेल? येथे पुष्कळ जण अडखळतात. कारण तापमान आणि उष्णता हे दोन शब्द व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानात मात्र ते भिन्न आहेत.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. माठातील पाणी गार का होते, समुद्रकाठी उन्हाळा सौम्य का असतो, आणि उष्णतेच्या लाटेत माणसाचे प्राण कशामुळे जातात, या सर्वांचे उत्तर या एका भेदावर अवलंबून आहे. म्हणून तेवढ्या एकाच गोष्टीची येथे क्रमाने उजळणी करावयाची आहे. या पुस्तिकेतील सर्व अंश सेल्सिअस मापनातील आहेत.

१. हात हा तापमापक नव्हे

तीन भांडी घ्या. एकात गार पाणी, दुसऱ्यात हाताला सोसेल इतके ऊन पाणी आणि मधल्या भांड्यात कोमट पाणी भरा. उजवा हात उन पाण्यात व डावा हात गार पाण्यात दोन मिनिटे ठेवा. नंतर दोन्ही हात एकदमच कोमट पाण्यात घाला. तेच पाणी उजव्या हातास गार आणि डाव्या हातास ऊन लागेल. पाण्याचे तापमान एकच असता दोन हात दोन साक्षी देतात. यावरून स्पर्श हे तापमान मोजण्याचे विश्वसनीय साधन नव्हे, हे उघड होते.

आणखी एक अनुभव पाहा. थंडीच्या दिवसांत पहाटे लोखंडी कडी हातास बर्फासारखी लागते, पण त्याच दाराची लाकडी फळी तितकी गार लागत नाही. वस्तुतः रात्रभर एकाच हवेत राहिल्याने दोहोंचे तापमान सारखेच असते. लोखंडातून उष्णता त्वरेने वाहते, म्हणून ते आपल्या हातातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. लाकूड ती सावकाश घेते. आपल्या त्वचेस जाणवतो तो उष्णता जाण्या-येण्याचा वेग, तापमान नव्हे.

म्हणूनच तापमापकाची आवश्यकता भासली. पाऱ्याच्या तापमापकात पारा प्रसरण पावतो आणि त्याच्या स्तंभाची उंची आपण अंशांत वाचतो. अंश कोठून मोजावयाचे हा मात्र संकेताचा प्रश्न आहे. स्वीडनमधील ज्योतिर्विद आंडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये जी मापनपट्टी सुचविली, तीत पाणी उकळण्याचा बिंदू ० आणि बर्फ वितळण्याचा बिंदू १०० होता! त्यांच्या मागून ही पट्टी उलटी करण्यात आली व तीच आज आपण वापरतो. आकडे मनुष्याने ठरविलेले आहेत. ज्या अवस्थेचे ते आकडे आहेत, ती अवस्था मात्र निसर्गाची आहे.

२. पातळी आणि साठा

दोन हौद शेजारी शेजारी आहेत अशी कल्पना करा. एक अरुंद पण पाण्याने उंचवर भरलेला आणि दुसरा विस्तीर्ण पण उथळ. दोहोंच्या तळाशी नळी जोडली, तर पाणी कोणीकडून कोणीकडे वाहील? ज्याची पातळी उंच, त्याच्याकडून ज्याची पातळी खाली, त्याच्याकडे. उथळ हौदात पाण्याचा साठा कितीतरी अधिक असेल. पण प्रवाहाची दिशा साठ्यावरून ठरत नाही, पातळीवरून ठरते.

तापमान हे पातळीप्रमाणे आहे. उष्णता नेहमी अधिक तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते आणि दोहोंचे तापमान समान झाले की हे जाणे थांबते. किती उष्णता गेली, हे मात्र वस्तूच्या वस्तुमानावर आणि ती कोणत्या पदार्थाची आहे यावरही अवलंबून असते.

या दृष्टान्तास एक मर्यादा आहे, ती ध्यानी ठेवावी. उष्णता हा पाण्यासारखा कोणी द्रव नव्हे. अठराव्या शतकात तसे मानणारे शास्त्रज्ञ पुष्कळ होते. पुढे म्यूनिक येथे तोफांच्या नळ्यांना भोके पाडण्याचे काम चालू असता काउंट रम्फर्ड यांनी पाहिले की, घर्षण चालू आहे तोपर्यंत उष्णता निघतच राहते, ती कधी संपत नाही. १७९८ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. जो द्रव वस्तूत साठलेला आहे, तो केव्हातरी संपावयास हवा. न संपणारी गोष्ट द्रव कशी असेल? त्यानंतर १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, ठराविक कार्यापासून ठराविकच उष्णता मिळते. म्हणजे उष्णता हे ऊर्जेचेच एक रूप आहे.

आज आपण असे म्हणतो : प्रत्येक पदार्थाचे कण सतत हालत असतात. या हालचालीची सरासरी तीव्रता जितकी अधिक, तितके पदार्थाचे तापमान अधिक. आणि तापमानातील फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जी ऊर्जा जाते, तिला उष्णता म्हणावयाचे.

३. विसणाचा हिशेब

उष्णता मोजण्याचे जुने व सोयीचे एकक कॅलरी हे आहे. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ कॅलरी. १,००० कॅलरी म्हणजे १ किलोकॅलरी. ती १ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ज्यूल हे एकक वापरतात. १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पेल्यात २०० ग्रॅम पाणी १०० अंशांवर आहे आणि खोलीचे तापमान २५ अंश आहे असे समजू. निवताना ते ०.२ × ७५ = १५ किलोकॅलरी उष्णता देईल. बादलीत १५ लिटर पाणी ४० अंशांवर आहे; ते १५ × १५ = २२५ किलोकॅलरी देईल. कमी तापलेल्या बादलीने पेल्याच्या पंधरापट उष्णता दिली!

स्नानाच्या वेळी कढत पाण्यात विसण घालताना आपण हाच हिशेब नकळत करीत असतो. समजा, बंबातून ७० अंशांचे १० लिटर पाणी काढले आहे, विसणाचे पाणी २५ अंशांचे आहे आणि आपणांस ४० अंशांचे पाणी हवे आहे. कढत पाणी ३० अंशांनी निवेल, म्हणजे १० × ३० = ३०० किलोकॅलरी देईल. विसणाचे प्रत्येक लिटर १५ अंशांनी तापेल, म्हणजे १५ किलोकॅलरी घेईल. ३०० ला १५ ने भागले की २० लिटर हे उत्तर मिळते. भांडे व हवा यांच्याकडे जाणारी थोडी उष्णता येथे सोडून दिली आहे. दिलेली उष्णता आणि घेतलेली उष्णता समान असते, हे तत्त्व एवढ्या हिशेबातच सामावले आहे.

४. जमीन, समुद्र आणि वारे

सर्व पदार्थ सारख्याच उष्णतेने सारखे तापत नाहीत. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास १ किलोकॅलरी लागते, पण कोरड्या वाळूस तिच्या सुमारे पाचवा भाग आणि लोखंडास सुमारे नववा भाग पुरतो. यास त्या पदार्थाची विशिष्ट उष्णता म्हणतात. आपल्या नित्य परिचयाच्या पदार्थांत पाण्याची विशिष्ट उष्णता फार मोठी आहे. म्हणजे पाणी तापावयास वेळ लागतो आणि निवावयासही लागतो.

शिवाय समुद्रात सूर्यप्रकाश खोलवर शिरतो आणि लाटांमुळे वरखालचे पाणी मिसळते, म्हणून ती उष्णता मोठ्या साठ्यात वाटली जाते. जमिनीचा मात्र वरचा पातळ थरच तापतो. मे महिन्यात नागपूरचे दिवसाचे कमाल तापमान सरासरीने ४२ अंशांच्या वर जाते, तर मुंबईचे ३३-३४ अंशांच्या आसपास राहते. जानेवारीच्या पहाटे स्थिती उलटी होऊन नागपूर मुंबईहून अधिक गार असते.

किनाऱ्यावरील वाऱ्यांचे कारणही हेच. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरील गार हवा तिची जागा घेण्यास येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो; हे मतलई वारे. पुष्कळ ठिकाणी शिडाची होडी पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जाते आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत येते. कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या या गोष्टीमागे विशिष्ट उष्णतेचा नियम आहे.

५. तापमान न वाढविणारी उष्णता

येथवर असे वाटेल की, उष्णता दिली म्हणजे तापमान वाढलेच पाहिजे. हा समजही चुकीचा आहे. पातेलीत बर्फाचे तुकडे घेऊन मंद आचेवर ठेवा आणि सारखे ढवळीत तापमापकाने तापमान पाहत राहा. बर्फाचा शेवटचा तुकडा वितळेपर्यंत ते ० अंशाच्या आसपासच राहील. खालून उष्णता सतत येत आहे, मग ती जाते कोठे? बर्फातील कण एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. ते बंध शिथिल करण्यात ती खर्च होते. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेने १ ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापले असते!

ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ही गोष्ट प्रथम नीट ओळखली. तापमापकावर प्रकट होत नाही म्हणून तिला अप्रकट उष्णता असे नाव आहे. बर्फास ० अंशावर वितळण्यास अगदी थोडीच उष्णता पुरली असती, तर ऊन पडताच डोंगरांवरील सारे हिम एकदम वितळून भयंकर पूर आले असते, असा विचार त्यांनी मांडला. हिमालयातील हिम सावकाश वितळते आणि उन्हाळ्यातही गंगा, यमुना व सिंधू या नद्यांस पाणी पुरविते, त्याचे एक कारण हेच होय.

या नियमाचा एक मोठा दाखला १८३३ साली कलकत्त्यास पाहावयास मिळाला. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी 'टस्कनी' नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ हिंदुस्थानाकडे रवाना केला. हे जहाज आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. उष्ण कटिबंधातून आलेला बर्फ टिकला कसा? पहिले कारण अप्रकट उष्णता. प्रत्येक किलोग्रॅम वितळण्यास ८० किलोकॅलरी बाहेरून आत यावी लागते. दुसरे कारण असे की, मोठ्या राशीच्या मानाने तिचा पृष्ठभाग लहान असतो आणि उष्णता पृष्ठभागातूनच आत शिरते. तिसरे कारण वेष्टन. या व्यापारात बर्फाभोवती लाकडाच्या भुशासारखे पदार्थ भरीत. त्यांत अडकून राहिलेली हवा उष्णतेस वाट देत नाही. पुढे कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे बर्फघरे बांधण्यात आली. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरील तत्कालीन बर्फघराची इमारत स्वामी विवेकानंदांचे स्मारक म्हणून आजही उभी आहे.

पाणी उकळतानाही हेच घडते. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि त्या अवधीत तापमान वाढत नाही. म्हणून उघड्या पातेल्यात डाळीस एकदा उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही. केवळ वाफ अधिक होते आणि जळण वाया जाते. डाळ लवकर शिजावयास हवी, तर उत्कलनबिंदूच वर न्यावा लागतो. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो व पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. याच्या उलट, सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब कमी असल्याने ते ८८-८९ अंशांवरच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

६. उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन प्रकारे जाते. तव्याच्या बुडाकडून वरच्या बाजूकडे ती कणाकणाने पुढे सरकते, ते वहन. पातेल्यातील तळाचे पाणी तापून वर येते आणि वरचे खाली जाते, ते अभिसरण. सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून, कोणत्याही माध्यमावाचून आपणांपर्यंत येते, ते प्रारण.

प्रारण केवळ सूर्यच करतो असे नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण करीत असते. निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता टाकीत असते आणि आकाशाकडून तिला तितकी परत मिळत नाही. म्हणून ती हवेपेक्षाही गार होते व तिच्यावर दव पडते. ढगाळ रात्री ढग बरीच उष्णता परत पाठवितात, म्हणून अशा रात्री उबदार वाटतात.

ट्यूडर यांच्या जहाजापूर्वी उत्तर हिंदुस्थानातील लोक या नियमाच्या आधारे बर्फ तयार करीत असत. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद (आजचे प्रयागराज) व आसपासच्या या धंद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणून त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे यांचा जाड थर पसरीत. त्यावर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत पाणी भरीत. थंडीतील स्वच्छ, निवांत रात्र लाभली, तर पहाटे भांड्यांत बर्फ धरलेला असे. आणि आसपासच्या तळ्यांत मात्र तो कोठेही आढळत नसे. येथे पाणी आकाशाकडे प्रारणाने उष्णता टाकीत होते, काही अंशी बाष्पीभवनानेही निवत होते आणि चिपाडांचा थर जमिनीची ऊब त्यापर्यंत येऊ देत नव्हता. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरील आपल्या निबंधात या बर्फाची मीमांसा प्रारणाच्या आधारे केली. ज्यांनी हे खड्डे खणले, त्यांस प्रारण हा शब्द ठाऊक नव्हता; परंतु निरीक्षण त्यांचे अचूक होते.

७. माठ गार का करतो?

पाण्याची वाफ होण्यास ते उकळलेच पाहिजे असे नाही. पृष्ठभागावरील जे कण अधिक वेगवान असतात, ते कोणत्याही तापमानास निसटून जातात. हे बाष्पीभवन होय. वेगवान कण गेले म्हणजे मागे राहिलेल्यांची सरासरी घटते, अर्थात पाणी गार होते. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी घेतल्या जातात.

मातीचा माठ सच्छिद्र असतो. १० लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी पाझरून उडून गेले आणि त्यासाठी लागणारी सर्व उष्णता आतील पाण्यातूनच घेतली गेली असे धरले, तर ५८ किलोकॅलरी कमी होऊन पाणी जवळजवळ ६ अंशांनी निवेल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही माठात शिरत असते. म्हणून माठ सतत पाझरत राहावा लागतो. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजली की तो पूर्वीसारखे पाणी गार करीत नाही.

बाष्पीभवनाचा वेग हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. हवेत आधीच पुष्कळ बाष्प असेल, तर तितकेच कण परतही येतात आणि निवणे मंदावते. म्हणूनच पाण्याचा कूलर मे महिन्यात दिल्ली-नागपूरकडे उत्तम काम देतो आणि चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो. हे मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळावे व वारा घालावा. ओला तापमापक कोरड्याहून कमी अंश दाखवील. फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. ओल्या तापमापकाने दाखविलेल्या या अंशास ओले तापमान म्हणतात. बाष्पीभवनाने कोणतीही वस्तू या तापमानाहून फारशी खाली निवविता येत नाही.

८. हाच नियम आणि मनुष्याचे शरीर

आता ज्यासाठी ही उजळणी केली, तेथे येऊन पोहोचलो. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते तेथेच राहावे लागते. स्वस्थ बसलेले शरीरही अन्नापासून सतत उष्णता निर्माण करते. तिचे मान सुमारे १०० वॅट, म्हणजे ताशी सुमारे ८६ किलोकॅलरी आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शरीर दर तासास दीड अंशाहून अधिक तापेल. श्रम करणाऱ्याचे याहून शीघ्र तापेल.

हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर वहन, अभिसरण व प्रारण या तिन्ही वाटा उष्णता बाहेर नेतात. हवा त्वचेहून तापली की त्याच वाटांनी उष्णता उलट आत येऊ लागते. मग एकच उपाय उरतो, तो घाम. १ लिटर घाम उडून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. स्वस्थ शरीराची जवळजवळ सात तासांची उष्णता! परंतु घाम उडाला पाहिजे. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी व मीठ तेवढे नेतो, उष्णता नेत नाही म्हटले तरी चालेल.

आता पुढील दोन दिवसांची तुलना करा. एका गावी तापमान ४५ अंश व सापेक्ष आर्द्रता शेकडा १५ आहे. तेथील ओले तापमान सुमारे २४ अंश येते. दुसऱ्या गावी तापमान ३८ अंश व आर्द्रता शेकडा ६० आहे. तेथील ओले तापमान सुमारे ३१ अंश येते. पहिल्या गावाचा आकडा भीतिदायक दिसतो आणि तेथील धोका खराही आहे, कारण शरीरातील पाणी झपाट्याने घटते. परंतु सावली व पिण्यास पुरेसे पाणी मिळाले, तर तेथे घाम आपले काम करू शकतो. दुसऱ्या गावी पाणी पिऊनही घाम पुरता उडत नाही. ओले तापमान ३५ अंशांवर गेल्यास निरोगी मनुष्यही फार काळ जगू शकणार नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडले गेले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असे आढळले की, दमट हवेत सुमारे ३१ अंशांच्या ओल्या तापमानासच शरीराचे तापमान हाताबाहेर चढू लागते. वृद्ध, बालके व रोगी यांची मर्यादा याहून खाली असणार.

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी काढला. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली. लोकांस आगाऊ सूचना देणे, पाण्याची सोय करणे आणि दवाखान्यांतील सेवकांस शिक्षण देणे, ही तिची अंगे होत. त्यानंतर देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी अशा योजना केल्या.

या पाठातून एक व्यावहारिक नियमही निघतो. तापात शरीर स्वतःच आपले तापमान वर ठेविते. उष्माघातात ते तापमान राखण्याची शक्तीच गमावते. म्हणून तापावरची गोळी उष्माघातावर चालत नाही. उन्हात काम करणारा मनुष्य बरळू लागला, शुद्ध हरपू लागला आणि अंग अतिशय तापले, तर त्यास सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. अंगावर ओतलेले पाणी आणि वारा मिळून जे करतात, ते माठ रोज आपल्या घरात करीत असतो.

उजळणीसाठी प्रश्न

१. बर्फाची एक लादी घोंगडीत गुंडाळली व दुसरी उघडी ठेवली. आधी कोणती वितळेल?
२. १०० अंशांच्या पाण्यापेक्षा १०० अंशांच्या वाफेने अधिक भाजते. का?
३. ८० अंशांचे ६ लिटर पाणी ४० अंशांवर आणावयाचे आहे. २० अंशांचे किती विसण घालावे?
४. फुलबाजीची ठिणगी उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेली असते, तरी हातावर पडल्यास क्वचितच फोड येतो. का?
५. कुल्फीच्या भांड्याभोवती बर्फात मीठ का घालतात?
६. खिडक्या बंद करून कूलर लावल्यास थोड्या वेळाने खोली गार होईनाशी होते. का?

उत्तरे

१. उघडी लादी. घोंगडी ऊब निर्माण करीत नाही, केवळ उष्णतेची ये-जा रोखते.
२. वाफेचे पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी त्वचेस जादा मिळतात.
३. १२ लिटर.
४. ठिणगीचे तापमान मोठे, पण वस्तुमान अत्यल्प. म्हणून ती देते ती उष्णता थोडी. फुलबाजीच्या तारेचे वस्तुमान मात्र अल्प नसते. तिला हात लावू नये.
५. मिठामुळे बर्फ ० अंशाच्या खालीच वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता कुल्फीच्या दुधातून घेतो.
६. खोलीतील हवा बाष्पाने भरत जाते व बाष्पीभवन मंदावते.

या सहाही प्रश्नांची उत्तरे पान न उलटता देता आली, तर पाठ समजला असे मानावयास हरकत नाही. एखादे चुकल्यास तो भाग पुन्हा वाचावा आणि शक्य असेल तेथे प्रयोग स्वतः करून पाहावा. शाळेच्या ओट्यावर दोन तापमापक, एक ओले फडके व एक पंखा एवढ्यावर उन्हाळाभर रोज दुपारी नोंद ठेवता येईल. ज्या दिवशी दोन तापमापकांतील अंतर लहान आणि दोन्ही आकडे मोठे असतील, त्या दिवशी घरातील वृद्धांची व उन्हात राबणाऱ्या शेजाऱ्यांची विशेष काळजी घ्यावी.